आर्क्टिक मंकीजचा पहिला अल्बम, वीस वर्षांनी: अल्बम मोठा होता की स्वागत मोठं होतं?

बेसुरा_बेसिस्ट

मंडळी, 'व्हॉटेव्हर पीपल से आय अ‍ॅम, दॅट्स व्हॉट आयम नॉट' या अल्बमला वीस वर्षं झाली. (नाव टाइप करतानाच दम लागतो, इथून पुढे नुसतं 'व्हॉटेव्हर' म्हणतो.) २३ जानेवारी २००६ ला आला. तेव्हा काय हवा होती हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शेफिल्डची चार पोरं, गायक अ‍ॅलेक्स टर्नर नुकताच वीस वर्षांचा झालेला, लेबल डॉमिनो म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या मानाने चिमुकलं, आणि पहिल्या दिवशी ब्रिटनमध्ये १,१८,५०१ कॉप्या. आठवड्यात ३,६३,७३५. तोपर्यंत तिथे कुठल्याही पदार्पणाच्या अल्बमला हे जमलं नव्हतं. अल्बम दुकानात येऊन काही दिवसच झालेले असताना एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने 'सर्वकालीन सर्वोत्तम ब्रिटिश अल्बम' अशी यादी काढली आणि हा डायरेक्ट पाचव्या नंबरला. बीटल्सचं 'रिव्हॉल्व्हर' याच्या खाली!! सप्टेंबरमध्ये मर्क्युरी प्राइझ (तिकडचं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस) पण घेऊन गेले.

मी गेल्या महिन्यात तेराच्या तेरा गाणी सलग ऐकली. सुरुवातीची गाणी अजूनही अंगावर येतात, शेवटचं तर येतंच येतं, पण मधे कुठेतरी गिटारचा तोच तो खरखराट आणि तोच वेग यांनी कंटाळा आला हे कबूल करायला हरकत नाही. तर प्रश्न असा की एवढं कौतुक त्या गाण्यांचं झालं की ती गाणी ज्या पद्धतीने आली त्याचं? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतंय. घाला शिव्या.

चहाटळ

व्हॉटेव्हर.

फुकटची_समीक्षा

शेवटी कोणीतरी बोललं. एनएमईचं त्या काळात दर सहा महिन्यांनी एक तारणहार शोधायचं काम चालू होतं, आधी स्ट्रोक्स, मग लिबर्टीन्स, मग फ्रान्झ फर्डिनांड, मग हे. साप्ताहिक खपवायला मुखपृष्ठावर कोणीतरी हडकुळा पोरगा लागायचाच. त्या यादीत पहिला नंबर स्टोन रोझेसच्या पदार्पणाच्या अल्बमला होता, तो १९८९ चा, म्हणजे त्याला सतरा वर्षं मुरायला मिळाली. यांना एक आठवडा पण नाही. पाचवा नंबर म्हणजे मुलगा बारशालाच डॉक्टर झाला म्हणून पेढे वाटण्यासारखं आहे.

आणि तो 'इंटरनेटने घडवलेला पहिला बँड' हा प्रकार. बातमीदारांना संगीताबद्दल लिहिता येत नव्हतं म्हणून मायस्पेसबद्दल (तेव्हाची सोशल साइट) लिहिलं, एवढंच.

डोंगरउतारावरून

फुकटची, मायस्पेसबद्दल बरोबर बोललात पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकला :) मी तेव्हा शेफिल्डमध्ये शिकत होते म्हणून जरा लांबलचक लिहिते, सहन करा.

ही पोरं हाय ग्रीनची, म्हणजे शहराच्या उत्तरेचं टोक. पहिला कार्यक्रम जून २००३ मध्ये 'द ग्रेप्स' नावाच्या पबच्या वरच्या खोलीत. पुढे डेमो रेकॉर्ड केले आणि सीडीवर जाळून कार्यक्रमांना फुकट वाटायला लागले, कारण विकून काही मिळणार नव्हतंच. ज्यांना मिळाल्या त्यांनी त्या नेटवर चढवल्या, एकमेकांना पाठवल्या, आणि त्यातल्या बऱ्याच गाण्यांचा जो गठ्ठा फिरायला लागला त्याचं नाव पडलं 'बिनीथ द बोर्डवॉक'. बोर्डवॉक हे तिथलं कार्यक्रमांचं ठिकाण, टर्नर तिथे बारवर कामाला होता. मायस्पेसवरचं पान चाहत्यांनी बनवलेलं. बँडने नंतर मुलाखतीत सरळ सांगितलं की आम्हाला तर ते काय असतं हेही ठाऊक नव्हतं.

आमच्या घरात जी सीडी होती तिच्यावर मार्करने काहीबाही लिहिलेलं, निम्म्या गाण्यांची नावं चुकीची. 'व्हेन द सन गोज डाउन' हे पुढे एक नंबरला गेलेलं गाणं आम्हाला 'स्कमी' म्हणूनच माहीत होतं. ते ज्या भागाबद्दल आहे तो नीपसेंड, कारखान्यांच्या शेडांचा भाग, रात्री तिथे रस्त्यावर बायका उभ्या असायच्या, आणि या पोरांची तालमीची खोली तिथेच होती. म्हणजे खिडकीतून दिसलं ते लिहिलं.

तर मुद्दा हा की अल्बम जानेवारीत आला तोवर लोकांना गाणी पाठ होती. ऑगस्ट २००५ च्या रेडिंग-लीड्स संगीत महोत्सवाला त्यांना छोटा स्टेज दिलेला, तिथे गर्दी मावेना आणि ज्या बँडचा अजून एकही मोठा सिंगल आलेला नाही त्याच्या गाण्यांचे शब्द लोक ओरडून म्हणत होते. हे एनएमईने केलं नाही हो. एनएमई मागून धावत आलं. पहिल्या आठवड्यातला तो आकडा म्हणजे दीड-दोन वर्षं फुकट ऐकलेल्या लोकांनी एकदम पैसे भरले, असं मी बघते.

ढोलताशा_ते_ड्रमकिट

+१ डोंगरउतार. फार छान माहिती.

बेसुरा, तुम्हाला कंटाळा आला कारण तुम्ही बेसिस्ट आहात (हलके घ्या). हा अल्बम ड्रमर लोकांचा आहे. मॅट हेल्डर्स! टर्नर आणि जेमी कुक यांना नाताळात गिटारी मिळाल्या, अँडी निकल्सनने बेस घेतला, आणि हा म्हणतो की माझ्या वाट्याला ड्रम आले कारण तेवढंच उरलं होतं. उरलेलं वाद्य घेतलेला माणूस असा वाजवतो? 'द व्ह्यू फ्रॉम द आफ्टरनून'ची सुरुवात ऐका, पहिलंच गाणं, गिटारचा फटका आणि त्याच्या खाली हा टॉमवर (ड्रमकिटमधला एक ढोल) जसा तुटून पडलाय ते. मधे मधे सगळं थांबतं आणि परत सगळे एकाच क्षणी आत येतात. हे थांबणं सगळ्यात अवघड. पथकात वाजवलेल्या माणसाला विचारा, वाजवायला सगळ्यांनाच येतं, चाळीस जणांनी एका हाताने थांबायला महिने लागतात.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वेग सोळा-सतरा वर्षांच्या पोराला हवा असतो तेवढा होता आणि माझं वयही साधारण तेच, त्यामुळे माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

बेसुरा_बेसिस्ट

@ढोलताशा: बेसिस्टला बोललात ना, थांबा, त्यावर येतोच मी.

@डोंगरउतारावरून: 'एनएमई मागून धावत आलं' हे पटतंय. पण मग हेही म्हणता येतं ना, की लोकांनी जे विकत घेतलं ती गाण्यांबरोबर ती भावना पण होती, 'हे आम्ही शोधलंय' वाली? तीच माझी शंका आहे.

कानसेन_नाही_तानसेन

मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे म्हणून दुसऱ्याच बाजूने बोलतो.

सलग ऐकताना कंटाळा येतो याचं निम्मं कारण गाण्यांत नाही, मास्टरिंगमध्ये (रेकॉर्डिंगनंतर आवाजावर होणारं शेवटचं काम) आहे. हा अल्बम 'सगळ्यांत मोठ्या आवाजाची सीडी कोणाची' या शर्यतीच्या ऐन भरातला आहे. त्यात काय करतात, तर लिमिटर लावून आवाजाची टोकं छाटतात आणि उरलेलं सगळं वर ढकलतात. लाट म्हणून जी काही होती ती विटेच्या भिंतीसारखी सपाट. रेडिओवर आणि मोबाइलवर मस्त वाजतं, पण हळू आणि जोरात यातला फरकच राहत नाही, म्हणून सात-आठ गाण्यांनंतर कान थकतो. ढोलताशांनी सांगितलेलं ते थांबणं आणि परत येणं, ते येताना जो धक्का बसायला हवा तो अर्धाच बसतो.

मूळ काम मात्र स्वच्छ आहे. लिंकनशरमधल्या चॅपल स्टुडिओत निर्माता जिम अबिसबरोबर केलेलं, चौघं एकत्र वाजवतायत हे ऐकू येतं, थर चढवत बसलेले नाहीत. म्हणून माझा सल्ला, आवाज कमी करून ऐका आणि मधे चहा प्या.

चहाटळ

आवाज कमी करून रॉक ऐका, असं आमची आई पण सांगायची. ती पण मास्टरिंगच्या धंद्यात असावी.

झेंझी_नंबर_एक

हाय, मी नवीन आहे इथे. मला 'फाइव्ह ओ फाइव्ह' आणि 'आय वॉना बी युअर्स' एवढंच माहीत होतं, रील्सवरून. हे याच बँडचं आहे??? मला वाटायचं हे सगळं स्लो, सॅड, रात्री दोन वाजता टाइप्स असतं. 'आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोर' लावलं तर वाटलं चुकून स्पीड वाढवलाय.

फुकटची_समीक्षा

@झेंझी: स्वागत. तेच लोक. 'फाइव्ह ओ फाइव्ह' दुसऱ्या अल्बमवर आहे, २००७ चा. दुसरं २०१३ च्या 'एएम' अल्बमवर. त्यानंतर टर्नरने कोट घालून पियानो वाजवायला सुरुवात केली, ती वेगळी कहाणी.

आणि हे बघा, यातच उत्तर आहे बेसुरांच्या प्रश्नाचं. आजची पिढी बँडला ओळखते पण पहिल्या अल्बमला नाही. सर्वकालीन पाचवा म्हणे.

डोंगरउतारावरून

रील्सवर काय चालतं त्यावरून सर्वकालीन ठरवायचं असेल तर आपण सगळेच उठून जाऊ या.

आजोबा_रॉक

हा धागा वाचून करमणूक झाली. आमच्या वेळी लंडनहून कोणी येणार असेल तर रेकॉर्डची यादी द्यायचो आणि सहा महिन्यांनी चुकीची रेकॉर्ड यायची, ती पण प्रेमाने ऐकायचो.

रच्याकने, फुकट वाटून प्रसिद्ध होण्याचं एवढं काय नवल? आपल्याकडे 'गारवा' असाच गाजला नाही का? मिलिंद इंगळे आणि सौमित्र. कॅसेट एकाने घ्यायची आणि दहा जणांनी भरून घ्यायची. कॉलेजातल्या प्रत्येक पोराकडे होता, विकत किती जणांनी घेतला देव जाणे. पाऊस आला की आपोआप आठवतो. चाळीस हजार मायस्पेस आणलीत तरी ते होणे नाही.

ढोलताशा_ते_ड्रमकिट

आजोबा, गारवा रॉक?

आजोबा_रॉक

मी रॉक म्हणालो का? स्वागत म्हणालो. धाग्याचं नाव वाचा.

चहाटळ

गारवाच्या मधल्या कविता शेफिल्डच्या अ‍ॅक्सेंटमध्ये ऐकायच्या आहेत मला आता. 'ऊन जरा जास्त आहे' हे वाक्य तिथे कधी वापरताच येणार नाही.

परसातला_अ‍ॅम्प्लिफायर

गारवावरून विषय निघालाच आहे तर माझी जुनी खाज. मुंबई-पुण्यात रॉक बँड काय कमी होते का? पेंटाग्रामचा पहिला अल्बम १९९६ चा. पुण्याचा अग्नी होता, हिंदीत गाणारा. पण आपल्या गल्लीबद्दल, आपल्या बोलीत, आपल्या पोरांबद्दल रॉक कोणी केलं? आम्ही कॉलेजात इंग्रजीत गायचो आणि गाण्यांत हायवे, डेझर्ट आणि लोन्ली ट्रेन. आयुष्यात एकाने डेझर्ट बघितलं नव्हतं, राहायचो चिंचवडला. 'फेक टेल्स ऑफ सॅन फ्रान्सिस्को' ऐकलं तेव्हा वाटलं हे आमच्यावरच लिहिलंय. त्यात तो एका स्थानिक बँडची टर उडवतो, जो अमेरिकन असल्याचा आव आणतो, आणि त्याला आठवण करून देतो की बाबा रे तू न्यूयॉर्कचा नाहीस, रॉदरहॅमचा आहेस. रॉदरहॅम म्हणजे शेफिल्डला चिकटलेलं गाव. आमच्या बँडमध्ये हे गाणं वाजवायचं की नाही यावर भांडण झालं होतं. नाही वाजवलं. लागलं होतं ना.

डोंगरउतारावरून

हाहा, आणि त्याच गाण्यात हंटर्स बार पण येतो. ती शेफिल्डमधलीच वस्ती, बऱ्यापैकी खात्यापित्या घरांची. 'सॅन फ्रान्सिस्कोच्या गप्पा मारतो पण राहतो हंटर्स बारला' हे तिथल्या माणसाला ऐकताच हसू येतं. बाहेरच्याला नकाशा बघावा लागतो, पण टोमणा मात्र नकाशाशिवाय कळतो.

संपादक_मंडळ

गारवा आणि मराठी रॉक यांसाठी कृपया स्वतंत्र धागा काढावा. इथे मूळ विषयावर चर्चा चालू द्यावी.

आजोबा_रॉक

काढतो. पण पावसाळ्यात.

जर्सीतला_जोशी

अमेरिकेतला अनुभव: इथे काहीही वादळ आलं नाही. बिलबोर्डवर (इथली विक्रीची यादी) २४ व्या नंबरला शिरला, पहिल्या आठवड्यात ३४,००० च्या आसपास. छोट्या लेबलच्या नवख्या ब्रिटिश बँडसाठी हे उत्तमच, पण तिकडच्या आकड्यापुढे दहावा हिस्सा आणि इथली लोकसंख्या पाचपट, गणित करा. मार्चमध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या टीव्हीवरच्या कार्यक्रमाला आले, चालू गाण्यात टर्नरला प्रेक्षकांतला एक माणूस जांभई देताना दिसला आणि त्याने तिथल्या तिथे त्याला बोलून दाखवलं. टीव्हीवर लाइव्ह. मला तो क्षण फार आवडला होता. ब्रिटनमध्ये पंतप्रधान व्हायची वाट बघणारे लोक यांचं नाव घेत होते आणि इथे न्यूयॉर्कमध्ये जांभई.

म्हणजे प्रश्न परत तोच. त्याच तेरा गाण्यांचं दोन देशांत दोन प्रकारचं स्वागत झालं. फरक गाण्यांत नव्हता.

चहाटळ

पंतप्रधानवाला किस्सा काय? अर्धवट सोडू नये.

जर्सीतला_जोशी

गॉर्डन ब्राउन, तेव्हाचे अर्थमंत्री. एका मासिकाच्या मुलाखतीत आर्क्टिक मंकीजचं नाव निघालं, झालं, 'ब्राउनसाहेब सकाळी उठून आर्क्टिक मंकीज ऐकतात' असा बोभाटा. इतकी थट्टा झाली की त्याच वर्षी पक्षाच्या अधिवेशनात त्यांना सांगावं लागलं, मला आर्क्टिक मंकीजपेक्षा आर्क्टिक प्रदेशाच्या भविष्याची जास्त काळजी आहे. राजकारणी माणसाने बँडचं नाव घेतलं की समजावं, स्वागताने गाण्यांची साथ सोडली.

फुकटची_समीक्षा

आणि कव्हर विसरू नका! सिगरेट ओढणारा तो मुलगा बँडमधला नाहीच, त्यांचा मित्र ख्रिस मॅक्लुअर. त्याला पैसे देऊन मनसोक्त पी म्हणून सोडला आणि पहाटे फोटो काढला. स्कॉटलंडच्या आरोग्य खात्यातल्या एका अधिकाऱ्याने आक्षेप घेतला की यामुळे धूम्रपान बरं आहे असं पोरांना वाटेल. डॉमिनोकडून उत्तर काय, तर त्याच्याकडे बघून सिगरेटमुळे त्याचं काही भलं होतंय असं वाटतं का तुम्हाला? एवढं एक उत्तर मला त्या सगळ्या गदारोळात मनापासून आवडलं.

बेसुरा_बेसिस्ट

आता बेसिस्टवर येतो, मगाशी म्हणालो होतो.

अँडी निकल्सन. अल्बम आला जानेवारीत, मे महिन्यात अमेरिकेच्या दौऱ्याला तो गेलाच नाही, सततच्या दौऱ्यांनी थकला म्हणून, आणि जूनपर्यंत बँडमधून कायमचा बाहेर. त्याच्या जागी निक ओमॅली, तोही ओळखीतलाच. सप्टेंबरमध्ये मर्क्युरी मिळालं तेव्हा ज्याने तो अल्बम वाजवला तो माणूस बँडमध्ये नव्हता. 'डान्सिंग शूज'मधला बेस ऐका, सगळं गाणं त्याच्यावर चालतं.

म्हणून मी स्वागताबद्दल एवढं चिडून लिहितोय. वीस वर्षांच्या पोराला हायग्रीनमधून उचलून सहा महिन्यांत जगभर फिरवायचं आणि वरून देशाच्या इतिहासातला पाचवा सर्वोत्तम म्हणून सांगायचं, त्याचं काय होणार? कौतुकालासुद्धा काही माप असतं. चौघांपैकी तिघं तगले याचं मला जास्त आश्चर्य वाटतं.

ढोलताशा_ते_ड्रमकिट

हे माहीत होतं पण असं कधी बघितलं नव्हतं. बेसिस्टवरचा विनोद मागे घेत नाही, पण आदर वाढला.

ओळीओळीत

बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहितेच. सगळे जण आकडे, मासिकं, मास्टरिंग यावर बोलले. शब्दांवर फक्त अ‍ॅम्प्लिफायर आणि डोंगरउतार बोलले. मला वाटतं हा अल्बम टिकला तो शब्दांवर, आणि बेसुरांशी मी असहमत तिथे आहे.

अल्बमचं नाव अ‍ॅलन सिलिटोच्या १९५८ च्या 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग' या कादंबरीतून घेतलंय, नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यातला एक तरुण कामगार, आठवडाभर यंत्रावर आणि शनिवारी रात्री दारू, भांडणं, बायका. अल्बमही तसाच एका रात्रीचा आहे, नीट बघा. पहिलं गाणं दुपारचं, रात्रीकडून काय काय अपेक्षा आहेत ते. मग डान्सफ्लोर, मग टॅक्सीत किती जणांनी बसायचं यावरून कटकट ('रेड लाइट इंडिकेट्स डोअर्स आर सिक्युअर्ड'), पोलिसांची गाडी, दारावरचा बाउन्सर जो रांगेतून बाहेर काढतो. यात एकही 'मोठा' विषय नाही. प्रेमभंग नाही, राजकारण नाही, अस्तित्वाचा प्रश्न नाही. टॅक्सीच्या रांगेत पुढे घुसलेला माणूस आहे. अशा रात्री गावोगाव होतात पण त्या लिहून ठेवण्यालायक आहेत असं कोणाला वाटत नाही.

आणि मग शेवटचं 'अ सर्टन रोमान्स'. ते सुरू होतं गावातल्या टारगट पोरांच्या थट्टेने, त्यांचे बूट, त्यांच्या रिंगटोन, मारामाऱ्या, यांच्यात प्रेमबीम काही उरलेलं नाही वगैरे. तुम्हाला वाटतं हा हुशार मुलगा आता सगळ्यांना झोडणार. आणि शेवटाकडे तो म्हणतो की त्यातले काही माझे मित्रच आहेत, तेही मर्यादा सोडतात, पण त्यांच्यावर मला तसं रागावता येत नाही. बस. तिथे शब्द संपतात आणि पुढे फक्त गिटार. उपदेश नाही, माफी नाही. हे लिहिताना तो एकोणीसच्या आतबाहेर होता. मी एवढ्या वर्षांत मराठीतही फार कमी ठिकाणी आपल्याच गल्लीबद्दल इतकं प्रामाणिक वाचलंय, एकतर आपण गल्लीचं गोड गोड करतो नाहीतर तिला सोडून आल्याचा अभिमान मिरवतो.

जोशीबुवांचा मुद्दा, त्याच गाण्यांचं अमेरिकेत वेगळं स्वागत. बरोबर आहे. पण त्याचा अर्थ ब्रिटनमधलं स्वागत खोटं होतं असा होत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना ते जास्त लागणारच.

डोंगरउतारावरून

लेखच आहे हा, प्रतिसाद नाही. अनुमोदन.

एकच भर घालते. मर्क्युरीच्या वेळी त्याच यादीत शेफिल्डचाच गायक रिचर्ड हॉली होता, 'कोल्स कॉर्नर' हा अल्बम घेऊन. तो यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा, आयुष्य दुसऱ्यांच्या बँडमध्ये गिटार वाजवण्यात गेलेलं, आणि कोल्स कॉर्नर म्हणजे शहरातली ती जागा जिथे जुनी माणसं भेटायची वेळ ठरवायची. टर्नर बक्षीस घ्यायला गेला आणि पहिलं वाक्य काय, तर कोणीतरी ९९९ ला (तिकडचा पोलिसांचा नंबर) फोन करा, रिचर्ड हॉलीला लुटलंय! एवढ्या गदारोळातही त्याला कळत होतं की कौतुक जरा जास्तच होतंय. बेसुरा, तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा साक्षीदार खुद्द टर्नरच आहे बघा.

परसातला_अ‍ॅम्प्लिफायर

हॉलीचा 'कोल्स कॉर्नर' ज्यांनी ऐकला नाही त्यांनी ऐका. आणि कानसेनांसाठी: तो भिंतीसारखा नाही.

फुकटची_समीक्षा

ओळीओळीत यांचा प्रतिसाद वाचून पाचव्या नंबरवरून मी अल्बमला विसाव्या नंबरपर्यंत आणायला तयार आहे. त्याहून वर नाही. घासाघीस चालणार नाही.

रच्याकने, पदार्पणाच्या अल्बमच्या पहिल्या आठवड्यातल्या विक्रीचा तो विक्रम पण बघा कसा आहे. यांच्या आधी तो हियरसे या गटाकडे होता, २००१ चा, टीव्हीवरच्या स्पर्धेतून बनवलेला. यांनी तो मोडला. आणि २००७ मध्ये यांचा आकडा लिओना लुईसने ओलांडला, ती परत टीव्हीवरच्याच स्पर्धेतली. अधल्यामधल्या पावणेदोन वर्षांत फुकट सीडी वाटणारी पोरं.

बेसुरा_बेसिस्ट

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

काल कानसेनांच्या सल्ल्याने आवाज कमी करून ऐकला, आणि ओळीओळीत यांच्या सांगण्यावरून शब्द समोर ठेवून. मधल्या गाण्यांबद्दलचं माझं मत तिथेच आहे, 'स्टिल टेक यू होम' आणि 'पर्हॅप्स व्हॅम्पायर्स' ही दोन काढली असती तर अकरा गाण्यांचा खणखणीत अल्बम झाला असता. 'स्वागत मोठं होतं' यावरही ठाम आहे. पण 'अ सर्टन रोमान्स' तीन वेळा परत लावलं आणि बायकोने विचारलं की हा मुलगा एवढा का चिडलाय, मी म्हटलं शेवटपर्यंत ऐक, तर म्हणाली शेवटपर्यंत तुझा धागा वाचला तेवढा पुरे.

ढोलताशा_ते_ड्रमकिट

'स्टिल टेक यू होम' काढायचं??? 'व्हॅम्पायर्स' काढायचं??? त्यातल्या शेवटच्या भागात हेल्डर्स काय करतो ऐकलंत का! वेगळा धागा काढतो, तिथे या.

झेंझी_नंबर_एक

पूर्ण ऐकला काल!! 'रायट व्हॅन' एवढं छोटंसं आणि शांत, मधेच, मला तेच सगळ्यात आवडलं. पोलिसांना उलट बोलून मार खाणारी पोरं आहेत ना त्यात? आमच्या कॉलेजच्या गेटबाहेरचे सेम. बाकी टॅक्सीवालं गाणं म्हणजे आम्ही रात्री कॅब बुक करतो तेव्हाचं संभाषण आहे, पाच जण बसतील का विचारायचं आणि ड्रायव्हर नाही म्हणणार. डान्सफ्लोरवालं अजून फास्टच वाटतं. दुसरा अल्बम पण असाच आहे का, की तिथून स्लो होतात?

फुकटची_समीक्षा

तो याहून फास्ट सुरू होतो. हेडफोन सांभाळून.

चहाटळ

आजोबांना कोणीतरी सांगा, पाऊस पडतोय. गारवाचा धागा कुठे आहे?